कमिट आहे, मग काम गेलं कुठं?

पत्र:

ताई, नमस्कार. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लहान कंपनीत प्रोग्रॅमर आहे. सोसायट्यांसाठी पिग्मी आणि ठेवींचं सॉफ्टवेअर करतो आम्ही. पिग्मीची पावती आजवर नुसती इंग्रजीत यायची. ती कन्नड आणि मराठी दोन्हीत छापली जावी, आणि मुदतीआधी पैसे काढले तर व्याजाचं राउंडिंग बरोबर यावं, हे काम मी गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, 'पावती' ब्रँचवर (कामाच्या वेगळ्या फांदीवर) केलं. आमचे सीनियर, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, 'व्याजदर' ब्रँचवर होते. शनिवारी संध्याकाळी अण्णांनी दोन्ही ब्रँच मेनमध्ये, म्हणजे मुख्य ब्रँचमध्ये, मर्ज केल्या (मिसळल्या). सोमवारी खानापूरकडच्या एका सोसायटीचा फोन आला, पावती जुनीच येतेय. बघते तर माझे बदल मेनमध्ये नाहीत. प्रिंटरच्या सेटिंगची माझी नवी फाइल तेवढी आलीय. शब्दांच्या आणि व्याजाच्या फाइलची हिस्ट्री काढली तर त्यात माझी कमिटं (बदलांच्या नोंदी) नाहीतच! सर्व्हरवरून मेन ओढून पुन्हा मर्ज करून बघितलं तर 'आधीच अद्ययावत आहे' एवढंच येतं. मॅनेजर म्हणतात, तू पुशच केलं नसशील, म्हणजे सर्व्हरवर चढवलंच नसशील. अण्णा म्हणतात, मी काही काढलेलं नाही. आणि ऑफिसातला एक जण हळूच म्हणाला, 'कन्नड माणूस आहे, मराठी पावती मुद्दाम काढली असणार.' मला पटत नाही, पण डोक्यातून जातही नाही. अण्णा विंडोजवर काम करतात, मी उबुंटूवर. यापुढं मर्ज सोडून रिबेसच (आपली कमिटं दुसऱ्या ब्रँचच्या टोकावर नव्यानं रचणं) करू का? हिस्ट्री बघायची कशी? काही ओळी दोन्हीकडं अगदी सारख्या दिसतात तरी कॉन्फ्लिक्ट (मर्ज करताना दोन बाजूंमधला वाद) येतो, तो का? आणि अण्णांशी बोलायचं कसं?

– एक वाचक, अनगोळ

उत्तर:

अगं, तुझं काम पुसलं गेलेलं नाही. आणि तू ते पुश केलं होतंस, हेही तुझ्याच पत्रातून कळतं. पुन्हा मर्ज करायला गेल्यावर गिट 'आधीच अद्ययावत आहे' म्हणालं ना? जी ब्रँच तू आत घ्यायला निघालीस तिची सगळी कमिटं मेनच्या पूर्वजांमध्ये आधीपासून असतील, तरच गिट असं म्हणतं. मेन तू सर्व्हरवरून ताजं ओढून घेतलं होतंस. म्हणजे तुझी कमिटं सर्व्हरवर पोचली होती आणि मेनमध्ये सामीलही झाली होती. मॅनेजरना दाखवायला एक ओळ पुरे: 'गिट ब्रँच -आर --कंटेन्स' आणि पुढं तुझ्या कमिटचा क्रमांक. उत्तरात सर्व्हरवरच्या मेनचं नाव येईल. वाद घालू नकोस, नुसतं दाखव. (आज्ञा इथं देवनागरीत लिहिते आहे, टाइप करताना रोमन अक्षरं वापर.)

मग फाइलच्या हिस्ट्रीत कमिट दिसत का नाही? याचं उत्तर नीट समजून घे. बरीच वर्षं गिट वापरणाऱ्यांनाही ही गोष्ट माहीत नसते, आणि तिच्यापायी चांगल्या माणसांवर संशय जातो.

'गिट लॉग'ला एखाद्या फाइलचं नाव दिलं की तो त्या फाइलचा पूर्ण इतिहास दाखवत नाही. फाइल आज जशी आहे तशी ती कशी झाली, एवढं सांगायला पुरेल असा सर्वांत सोपा इतिहास दाखवतो. मागं मागं जाताना त्याला मर्ज कमिट लागतं, तेव्हा तो दोन्ही पालक कमिटांमधली (ज्या दोन कमिटांतून ते मर्ज झालं त्यांतली) ती फाइल बघतो. एका पालकाकडची फाइल मर्जनंतरच्या फाइलशी हुबेहूब जुळली, तर तो फक्त त्या पालकाच्या वाटेनं पुढं जातो. दुसऱ्या वाटेवर काय झालं ते बघायलाच जात नाही, कारण त्या वाटेचा आजच्या फाइलवर काहीच परिणाम उरलेला नाही असं त्याचं गणित. तुझ्या बाबतीत शनिवारच्या मर्जमध्ये त्या दोन फाइली जशाच्या तशा एकाच बाजूच्या घेतल्या गेल्या. त्यामुळं तुझी बाजू यादीतून अख्खीच्या अख्खी गळली. ही गिटमधली चूक नाही, ते मुद्दाम तसं बनवलंय, आणि एरवी ते सोयीचंही आहे. पण काहीतरी हरवलं असेल आणि ते शोधायचं असेल, तेव्हा नेमकी हीच सोय आपल्याला आंधळं करते.

आता हीच आज्ञा 'गिट लॉग --फुल-हिस्ट्री' अशी दे आणि शेवटी फाइलचं नाव घाल. तुझी कमिटं तुझ्या नावानिशी, तारखेनिशी दिसतील.

दुसरा आंधळा कोपरा याहून फसवा आहे. मर्ज कमिटचा क्रमांक मिळाल्यावर कुणीही 'गिट शो' करून बघणार. मर्जसाठी 'गिट शो' जो फरक दाखवतं त्यात दोन्ही पालकांपेक्षा वेगळा निघालेला भागच असतो. जी फाइल एका पालकाशी तंतोतंत जुळते ती त्यात येतच नाही. म्हणजे कुणी दुसऱ्याची फाइल पूर्ण बाजूला सारली, तर त्या मर्जचं 'गिट शो' बघणाऱ्याला तिथं काहीच घडलेलं दिसत नाही. अण्णांनीही बहुधा हेच बघितलं असेल आणि मनापासून म्हणाले असतील, मी काही काढलेलं नाही.

खरं काय घडलं ते बघायचं तर 'गिट शो --रीमर्ज-डिफ' वापर. ही सोय २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या २.३६ आवृत्तीपासून आहे, त्यामुळं आधी तुझ्या मशीनवरची आवृत्ती तपास. ही आज्ञा तेच मर्ज मनातल्या मनात पुन्हा करून बघते, माणसाच्या मदतीशिवाय जे निघालं असतं ते कॉन्फ्लिक्टच्या खुणांसकट बाजूला ठेवते, आणि प्रत्यक्षात जे कमिट झालं त्याच्याशी ताडून दाखवते. कॉन्फ्लिक्ट कुठं आला आणि माणसानं तो कसा सोडवला, हे दोन्ही तुझ्यासमोर येतं. आवृत्ती जुनी असेल तर 'गिट शो -एम' दे. त्यात मर्जचा फरक प्रत्येक पालकाशी वेगवेगळा दाखवला जातो. पसारा मोठा असतो, पण त्यात तुझ्या ओळी वजा झालेल्या सापडतील.

आता, ते झालं कसं?

गिट मर्ज करताना दोनच नाही, तीन प्रती बघतं: तुझी, त्यांची, आणि दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या त्या वेळची मूळ प्रत. एखादी ओळ मूळ प्रतीपासून फक्त तुझ्याकडं बदलली असेल तर तुझी घेतली जाते, फक्त त्यांच्याकडं बदलली असेल तर त्यांची. एकाच जागी दोघांनी वेगवेगळं केलं असेल तरच गिट थांबतं आणि माणसाला विचारतं. तुझी प्रिंटरची नवी फाइल मेनमध्ये आलीय, हा फार मोलाचा पुरावा आहे. 'ओळखच नको' अशा पद्धतीनं, म्हणजे '-एस अवर्स' (लहान 'एस') लावून मर्ज केलं असतं, तर समोरच्या ब्रँचमधलं काहीही आलं नसतं, ती नवी फाइलसुद्धा नाही. म्हणजे तुझी ब्रँच नीटच आत घेतली गेली. ज्या दोन फाइलींत कॉन्फ्लिक्ट आला तेवढ्याच ठिकाणी एक बाजू उचलली गेली. ते बहुधा 'गिट चेकआउट --अवर्स' आणि फाइलचं नाव, असं झालं असणार. ही आज्ञा अख्खी फाइल आपल्या बाजूची घेते. वादातल्या ओळी तर जातातच, पण समोरच्याच्या ज्या ओळींवरून काही वाद नव्हता त्याही जातात. '-एक्स अवर्स' (इथं 'एक्स' मोठं अक्षर) हा तिसरा प्रकार फक्त वादातल्या ओळींपुरता आपला कौल देतो. नावं इतकी सारखी आहेत की थकलेल्या माणसाचा हात चुकीच्या नावावर सहज पडतो.

पण एवढे अनुभवी अण्णा अख्खी फाइल का उचलतील? तू जाता जाता लिहिलेलं एक वाक्य इथं कामाला येतं: ते विंडोजवर, तू उबुंटूवर. विंडोजवरचे काही एडिटर ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं ठेवतात, उबुंटूवर एकच असतं; यालाच लाइन एंडिंग म्हणतात. रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) त्याची नीट व्यवस्था लावलेली नसेल, तर एकदा सेव्ह केलं की फाइलची प्रत्येक ओळ बदललेली समजली जाते. मग त्याच फाइलमध्ये तू चार ओळी बदलल्यास तरी कॉन्फ्लिक्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. शनिवारची संध्याकाळ, समोर शेकडो ओळींचा लालभडक कॉन्फ्लिक्ट, आणि वरवर बघता दोन्ही बाजू सारख्याच. कुणालाही वाटेल, काहीतरी एडिटरचा घोळ आहे, आपली प्रत घेऊन मोकळं होऊ. अशा वेळी '-एक्स अवर्स' वापरलं असतं तरी फाइल गेलीच असती, कारण वाद अख्ख्या फाइलवरच होता.

हा माझा तर्क आहे, पण तो तपासता येतो. मूळ प्रत आणि 'व्याजदर' ब्रँचचं टोक यांच्यातला फरक आधी साधा काढ, मग '--इग्नोर-सीआर-ॲट-ईओएल' लावून काढ. पहिल्यात सगळी फाइल आणि दुसऱ्यात मोजक्या ओळी आल्या, की समज.

आणि आता त्या हळू आवाजातल्या वाक्याबद्दल. १९५६ साली आपला भाग म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून भाषेचं दुखणं इथं घराघरांत आहे. शाळेची निवड, दुकानाची पाटी, सातबाऱ्याऐवजी हाती येणारा कन्नड उतारा, यांतून ते दुखणं आपल्याला रोज भेटतं. ते खोटं नाही, आणि मी ते कमी लेखणार नाही. पण म्हणूनच ते कुठंही चिकटवायचं नसतं. तूच लिहिलंयस की जुनी पावती इंग्रजीत यायची आणि आता जुनीच येतेय. म्हणजे तुझ्या मराठी ओळींबरोबर तू लिहिलेल्या कन्नड ओळीही गेल्या. कन्नडच्या अभिमानापायी कुणी कन्नड पावती काढून टाकेल का? आणि त्याच मर्जमध्ये व्याजाच्या राउंडिंगच्या ओळीही गेल्या, ज्यांना कुठलीच भाषा नाही. ज्यानं हे वाक्य म्हटलं त्याला बाजूला घेऊन '--रीमर्ज-डिफ'चा निकाल दाखव. रागावू नकोस. फक्त ते वाक्य तिथंच थांबलं पाहिजे, कारण लहान ऑफिसात अशी वाक्यं फार काळ टिकतात.

अण्णांशी बोलताना ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नकोस आणि मॅनेजरना मध्ये घेऊन सुरुवातही करू नकोस. चहाच्या वेळी जाऊन सांग, 'अण्णा, शनिवारचं मर्ज जरा दोघं मिळून बघूया की. दोन फाइली अख्ख्या एका बाजूच्या आल्यात, लाइन एंडिंगमुळं झालं असं वाटतंय.' त्यांच्या मशीनवर बसा, कीबोर्ड त्यांच्याकडं असू दे. ज्या माणसाला आपण सारे अण्णा म्हणतो त्याला आपल्या समोर चूक कळावी आणि दुरुस्त करायची संधीही मिळावी, एवढं आपल्या बाजूनं करायला हवं. मॅनेजरना नंतर दोघांनी मिळून सांगा. तू पुश केलं नव्हतंस हा ठपका अण्णांनी स्वतःच्या तोंडून दूर केला, तर तो कायमचा जाईल.

काम परत आणायचं ते असं. पुन्हा मर्ज करून काही होणार नाही, ते तू बघितलंसच. गिटच्या हिशेबी तुझी ब्रँच आत आलेली आहे. कुणी सुचवेल की मेनलाच शनिवारच्या आधी मागं न्या आणि जबरदस्तीनं पुश करा. ते करू नका. सोसायटीच्या रोजकिर्दीत चुकलेली नोंद खोडत नाहीत, उलट नोंद घालून दुरुस्त करतात, तसंच इथंही पुढं जायचं. मर्ज कमिटच उलटवावं, म्हणजे 'गिट रिव्हर्ट -एम १' करावं, असंही कुणी म्हणेल. त्यातला धोका असा की तसं केल्यावर ती ब्रँच नंतर पुन्हा मर्ज केली तरी तिचं जुनं काम येत नाही. आधी ते रिव्हर्टच रिव्हर्ट करावं लागतं. तुमच्या बाबतीत त्याची गरजही नाही.

मेनवरून एक नवी ब्रँच काढ. सगळ्यात आधी लाइन एंडिंगचा बंदोबस्त कर: '.गिटॲट्रिब्यूट्स' फाइलमध्ये सगळ्या फाइलींसाठी 'टेक्स्ट=ऑटो' ही ओळ घाल, मग 'गिट ॲड --रीनॉर्मलाइज' करून तेवढंच एक स्वतंत्र कमिट कर. त्यात दुसरा एक अक्षराचाही बदल नको. मग शनिवारच्या मर्जबरोबर कोणती कमिटं आत आली ती यादी काढ. 'मेन..पावती' दिलंस तर यादी रिकामी येईल, कारण सगळी कमिटं मेनमध्ये आहेतच. त्याऐवजी मर्जचा पहिला पालक आणि दुसरा पालक यांच्यामध्ये दोन टिंबं देऊन 'गिट लॉग' काढ. पहिल्या पालकाकडं नसलेलं आणि दुसऱ्याकडं असलेलं, म्हणजे नेमकं तुझं काम, समोर येईल. त्यातली कमिटं जुन्यापासून नव्याकडं अशा क्रमानं 'गिट चेरी-पिक -एक्स' करून, म्हणजे एकेक निवडून नव्या ब्रँचवर पुन्हा लावून, घे. हे 'एक्स' रोमनमध्ये लहान अक्षर आहे. त्यामुळं मूळ कमिटचा क्रमांक संदेशात आपोआप लिहिला जातो आणि पुढं वाचणाऱ्याला दोन्हींचा संबंध कळतो. लाइन एंडिंगमुळं अडलंच तर मोठ्या अक्षरातला '-एक्स' आणि 'रीनॉर्मलाइज' जोड. ज्या कमिटचं काम आधीच आत आहे, जसं प्रिंटरच्या फाइलचं, ते रिकामं निघून गिट थांबेल. तेवढं '--स्किप' कर. शेवटी व्याजाचे हिशेब चालवून बघ आणि अण्णांकडून तपासून घे. मुदतीआधी मोडलेल्या पिग्मीचं व्याज पैशानं जरी चुकलं, तरी खातेदार पासबुक घेऊन काउंटरवर येतो, आणि त्याला येऊ देण्याची वेळ तुमच्यावर यायला नको.

रिबेसबद्दल. तुझी चीड मला कळते, पण विचार कर: आज तुला तुझं काम परत मिळतंय ते मर्जमुळंच. मर्ज कमिटला दोन पालक असतात, म्हणून कोणत्या बाजूला काय होतं आणि त्यातून काय उरलं, याची साक्ष कायम राहते. ही किंमत कळायला थोडं मागं जावं लागेल. सबव्हर्जनमध्ये मर्जची नोंद ठेवण्याची सोय २००८ साली १.५ आवृत्तीत आली. त्याआधी कोणते बदल कुठपर्यंत आणले हे माणसांनी लक्षात ठेवायचं किंवा लिहून ठेवायचं. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नलसाठी. तिथं जगभरच्या लोकांचं काम सतत एकत्र करावं लागतं, त्यामुळं मर्ज ही तिथं रोजची गोष्ट असणार हे त्यात पहिल्यापासून गृहीत आहे.

शनिवारी अण्णांनी मर्जऐवजी तुझी ब्रँच रिबेस केली असती तर कॉन्फ्लिक्ट तोच आला असता, फक्त एकेका कमिटवर वेगळा. आणि तो जसा सोडवला गेला असता तशी तुझी कमिटंच बदलून गेली असती. कमिटचा क्रमांक त्यातला मजकूर, पालक, लेखक, वेळ आणि संदेश या सगळ्यांवरून निघतो. पालक बदलला की क्रमांक बदलला, म्हणजे कमिट नवं. जुनं मेनच्या इतिहासात उरत नाही. स्वतःच्या मशीनच्या रीफ्लॉगमध्ये (गिटनं त्या मशीनपुरत्या ठेवलेल्या हालचालींच्या नोंदीत) ते काही काळ सापडतं, पण दुसऱ्याच्या मशीनवर त्याचा भरवसा नाही. शिवाय रिबेसमध्ये 'अवर्स' आणि 'थेअर्स' उलटे होतात. ज्याच्यावर रिबेस करतोय ती बाजू 'अवर्स', आणि आपलं स्वतःचं काम 'थेअर्स'. मर्जमध्येच जिथं गोंधळ झाला तिथं हे म्हणजे आणखी एक खड्डा.

म्हणून माझं मत असं: जे अजून फक्त तुझ्या मशीनवर आहे ते खुशाल रिबेस करून नीटनेटकं कर. एकदा पुश झालं, दुसऱ्यानं ओढून घेतलं, की रिबेस बंद. मेनमध्ये जाताना 'गिट मर्ज --नो-एफएफ', म्हणजे मर्ज कमिट दर वेळी होतंच. आणि मेनवर कॉन्फ्लिक्ट येऊच द्यायचा नाही. ब्रँच ज्याची, त्यानं आधी मेन आपल्या ब्रँचमध्ये ओढायचं, तिथं कॉन्फ्लिक्ट सोडवायचा, चाचण्या चालवायच्या, आणि मगच अण्णांना सांगायचं की आता घ्या. स्वतःच्या ओळी का लिहिल्या हे तुला माहीत आहे, अण्णांना नाही. त्यांच्या ओळींबद्दल शंका आली तर ते शेजारच्याच टेबलावर आहेत. हे दर दोन-तीन दिवसांनी केलं तर कॉन्फ्लिक्ट आला तरी लहान असतो. महिनाभर वेगळं राहून शनिवारी संध्याकाळी एकत्र आणायचं, यात अण्णांच्या जागी कुणीही असतं तरी अडकलंच असतं.

कॉन्फ्लिक्ट सोडवताना दोन गोष्टी करून ठेव. 'मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल' ही सेटिंग 'झेडडिफ३' कर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मधे मूळ ओळीही दिसतात. कुणी काय बदललं हे मूळ बघितल्याशिवाय कळत नाही, नाहीतर माणूस अंदाजानं एक बाजू उचलतो. ही सेटिंग २.३५ पासूनची, जुन्या आवृत्तीत साधं 'डिफ३' चालतं. दुसरं, कॉन्फ्लिक्ट समोर असतानाच 'गिट लॉग --मर्ज' दे. ज्या फाइली अडल्यात त्यांना हात लावणारी दोन्ही बाजूंची कमिटं तेवढीच दिसतात. काहीच सुधरेना झालं तर 'गिट मर्ज --ॲबॉर्ट' करून सोमवारी करावं. त्यात कमीपणा काही नाही.

हिस्ट्री बघायची कशी, तर आधी स्वतःला विचार की मला काय हवंय. मेनमध्ये कधी काय आलं एवढंच हवं असेल तर 'गिट लॉग --फर्स्ट-पेरेंट --वनलाइन'. ब्रँचमधली बारीक कमिटं वगळून फक्त मर्जची ओळ दिसते, आणि मॅनेजरना दाखवायला यासारखं दुसरं नाही. ते नीट राहायचं असेल तर मेनवर नेहमी 'गिट पुल --एफएफ-ओन्ली' वापरा. नाहीतर कुणाच्या तरी पुलमधून पालकांची अदलाबदल होते आणि पहिला पालक म्हणजे मेन, हा हिशेब बिघडतो. दोन ब्रँच कुठं फुटल्या, कुठं जुळल्या हे हवं असेल तर '--ग्राफ --ऑल'. साध्या लॉगमध्ये दोन्ही ब्रँचची कमिटं तारखेनुसार एकमेकांत मिसळून येतात, त्यामुळं वरचं कमिट खालच्याच्या पुढं बांधलेलं असेल असं समजू नकोस. राउंडिंगचं एक फंक्शन कसं कसं बदलत गेलं हे हवं असेल तर 'गिट लॉग -एल' (मोठं अक्षर). एखादा शब्द कधी आला, कधी गेला हे हवं असेल तर '-एस' (इथं मोठं अक्षर) आणि तो शब्द. पण मर्जमध्ये गेलेलं शोधताना त्याच्या जोडीला '--फुल-हिस्ट्री' आणि '-एम' हवंच.

'गिट ब्लेम'वर इथं विसंबू नकोस. ते आज असलेल्या ओळींची नावं सांगतं, नसलेल्यांची सांगू शकत नाही. वर लाइन एंडिंग बदलणाऱ्या कमिटमुळं सगळ्या फाइलवर एकाच माणसाचं नाव चढतं. '-डब्ल्यू' लावलं की मोकळ्या जागेचे बदल सोडून खरा लेखक दिसतो, आणि असं सरसकट कमिट '--इग्नोर-रेव्ह्स-फाइल'च्या यादीत टाकून ठेवता येतं. तू जे दुरुस्तीचं कमिट करशील ते त्या यादीत आठवणीनं टाक, नाहीतर अण्णांच्या सगळ्या ओळींवर उद्या तुझं नाव दिसेल.

राहिला सारख्या दिसणाऱ्या ओळींचा प्रश्न. लाइन एंडिंग हे त्याचं एक कारण झालं. दुसरं आपल्याकडं, दोन लिप्या एकाच फाइलमध्ये असताना, हमखास भेटतं. 'दुसऱ्या हप्त्याची' यातला 'ऱ' युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता असाही. काही कीबोर्ड तिसराच मार्ग घेतात: पाय मोडलेला 'र' आणि पुढं शून्य रुंदीचा जोडक. कन्नडमधली ऱ्हस्व 'ओ'ची मात्राही एका चिन्हात येते, किंवा ऱ्हस्व 'ए' आणि दीर्घ 'ऊ' यांच्या खुणा जोडून. पडद्यावर सगळं एकच दिसतं, पण गिट बाइट बघतं, त्याला त्या वेगळ्या ओळी. तुम्ही दोघं दोन सिस्टिमवर, दोन कीबोर्डांनी एकच फाइल भरता, त्यामुळं हे होणारच. शब्दांची फाइल कमिट होण्याआधी 'एनएफसी' नावाच्या ठरलेल्या रूपात आणणारी लहानशी स्क्रिप्ट प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या जागी) घाला, दोघांच्या मशीनवर. त्यानं नुक्त्याचा आणि कन्नड मात्रेचा प्रश्न सुटतो. जोडकवाला 'र' मात्र त्यातून सुटत नाही, तो त्याच स्क्रिप्टमध्ये शोधून बदलावा लागेल. कन्नड ओळी अण्णांना वाचून बघायला सांग, मराठी तू बघ. मेनवरची फाइल आधी अशी साफ करून घे आणि मगच तुझी पावतीची कमिटं चेरी-पिक कर. एखाद्या ओळीवर तरीही कॉन्फ्लिक्ट आला, तर ती ओळ पडद्यावर न जुळवता तिचे युनिकोड क्रमांक काढून बघ.